प्रकाशाचा पंक्तिप्रपंच

जेवणाच्या पंगतींत वाढणारा पहिल्या चार पानांवर तुपाची धार धरीत रेंगाळला आणि शेवटच्या पानांपाशीं रिकामें भांडें घेऊन पोंचला, तर घरांतील वडील माणसें त्यास तेथल्या तेथें टोकतात. पंक्तिप्रपंच हा आपल्या घरांतून मोठा दोष मानला जातो. परंतु त्याच घरांत, जेवणें उरकल्यावर सारी मंडळी फोटोसाठीं एकत्र बसली आणि कोणा हौशी मुलानें कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडविला, कीं नेमका तोच दोष राजरोस घडतो आणि त्याची कोणी दखलहि घेत नाहीं. पुढें खुर्चीवर बसलेल्या दोघांचे चेहरे पिठासारखे पांढरे, मधली मंडळी बरीं, आणि मागें स्वयंपाकघराच्या दाराशीं पदर सांवरून उभ्या राहिलेल्या सुना अंधारांत! चित्र पाहून सगळे म्हणतात, ‘फोटो छान आला.’ ज्यांना तो छान आला नाहीं, त्या कांहीं बोलत नाहींत.

एरव्हीं ही गोष्ट क्षुल्लक वाटावी. पण चाळीस-पन्नास वर्षांनीं घरांतील पणतू तें चित्र उघडतील, तेव्हां ‘ही दारांतली कोण?’ या प्रश्नास उत्तर देणारें माणूस बहुधा उरलेलें नसेल. आणि चेहऱ्याच्या जागीं काळा डाग असेल तर ओळखण्याचा उरलासुरला मार्गहि बंद होईल. जिनें त्या दिवशीं पन्नास पानें वाढलीं, तिचेंच पान असें रिकामें राहावें, हें कोणत्याहि कुटुंबास शोभणारें नाहीं. मुंजी-लग्नांचे दिवस जवळ येत आहेत. अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा मुलुंड-घाटकोपरकडे काय, आपल्या घरांतून बारसें, मुंज, मंगळागौर, सहस्रचंद्रदर्शन असे समारंभ होतच असतात, आणि प्रत्येक घरांत एखादा पुतण्या किंवा एखादी भाची कॅमेरा घेऊन फिरत असते. त्यांच्यासाठीं, आणि त्यांच्या कॅमेऱ्यापुढें निमूटपणें बसणाऱ्या वडील मंडळींसाठींहि, फ्लॅशचा प्रकाश मऊ कसा करावा याचा विचार या महिन्यांत मांडीत आहों.

दोष कोठें आहे?

फ्लॅशच्या थेट प्रकाशाचे मुख्य दोष दोन. पहिला अंतराचा. दिव्यापासूनचें अंतर दुप्पट झालें म्हणजे प्रकाश निम्मा होत नाहीं. तो चतुर्थांश होतो. अंतर तिप्पट झालें तर नवमांश उरतो. समजा, पुढची रांग फ्लॅशपासून सहा फुटांवर आणि मागची बारा फुटांवर आहे. तर जेथें आजोबांच्या वांट्यास रुपया येतो, तेथें मागच्या सुनेच्या वांट्यास चार आणेच येतात. कॅमेऱ्यानें पुढच्यांकडे पाहून हिशेब बेतला तर मागचे काळे पडतात. मागच्यांकडे पाहून बेतला तर पुढचे पांढरेफटक होतात. हा निसर्गाचाच नियम असल्यामुळें महागडें यंत्र आणूनहि तो चुकत नाहीं.

दुसरा दोष आकाराचा. फ्लॅशचें तोंड दोन-तीन इंचांचें. मोबाईलमधील दिवा तर ज्वारीच्या दाण्याएवढा. इतक्या लहान ठिकाणाहून निघालेला प्रकाश एकाच दिशेनें येऊन आदळतो. त्यामुळें नाकाची आणि हनुवटीची सांवली सुरीनें कापल्यासारखी पडते, भिंतीवर माणसामागें दुसरें काळें माणूस उभें राहतें, आणि कपाळावरचा घाम, नथीचें मोतीं, पैठणीची जर या सर्वांवर बोचरे पांढरे ठिपके उमटतात. दिवा मोठा असेल तर त्याच्या एका कडेपासून पडलेल्या सांवलींत दुसऱ्या कडेचा प्रकाश शिरतो, सांवलीची कड विरघळते आणि चेहऱ्याची गोलाई दिसूं लागते.

येथें ‘मोठा’ म्हणजे चेहऱ्याच्या जागेवरून पाहतां मोठा, हें ध्यानांत ठेवावें. सूर्याएवढा दिवा कोणता? पण तो इतका दूर आहे कीं आकाशांत रुपयाएवढा दिसतो. म्हणून वैशाखांतील दुपारची सांवली कठोर असते. उलट श्रावणांत ढगांनीं आभाळ भरून आलें म्हणजे सारें आकाशच दिवा बनतें, आणि आपल्या उपनगरांतील साध्या गॅलरींत उभ्या केलेल्या माणसाचा चेहराहि त्या वेळीं सुरेख दिसतो. फ्लॅशवर बसवावयाच्या यच्चयावत् उपकरणांचें गमक या एका गोष्टींत आहे.

मंद निराळें, मऊ निराळें

यावरून एका सार्वत्रिक गैरसमजाचा उलगडा होतो. फ्लॅशच्या तोंडावर पांढरा रुमाल बांधला कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. रुमालानें प्रकाश मंद होतो, हें खरें. पण दिव्याचें तोंड पूर्वीं होतें तेवढेंच राहत असल्यामुळें तो मऊ होत नाहीं. स्वयंपाकांत तिखट कमी घालणें वेगळें आणि घातलेलें तिखट साऱ्या भाजीस सारखें लागणें वेगळें, तसाच हा प्रकार. बाजारांत मिळणारी दुधी प्लॅस्टिकची टोपीहि अशीच. चार भिंतींच्या लहान खोलींत ती प्रकाश चोहोंकडे उधळते, तो भिंतींवरून आणि छतावरून परत येतो, व म्हणून तिचा उपयोग होतो. पण तेथें खरें काम भिंती करतात. तीच टोपी गच्चीवर लावली तर तीन चतुर्थांश प्रकाश आकाशांत जातो, आणि जो पुढें येतो तो होता तसाच कठोर असतो. शिवाय कापड किंवा प्लॅस्टिक फ्लॅशच्या कांचेस अगदीं चिकटवून लागोपाठ पूर्ण जोरानें दिवा उडविल्यास तें उष्णतेनें करपूं शकतें, ही सूचनाहि मुलांना देऊन ठेवावी.

तेव्हां कोणतेंहि उपकरण घेण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: ‘यानें दिवा मोठा होतो काय?’ उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर पैसे खिशांत ठेवावे.

जुन्या चित्रांतील मार्दव

आपल्या दिवाणखान्यांत पणजोबांचें पगडी घातलेलें चित्र असेल, तर तें आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं दिवाळींत घेतलेलें फ्लॅशचें चित्र शेजारीं ठेवून पाहावें. पणजोबांच्या गालावर उजेडापासून सांवलीपर्यंत प्रकाश हळूहळू उतरत जातो. दिवाळीच्या चित्रांत तो एकदम तुटतो. यंत्रें सुधारत गेलीं असतां हें असें कां झालें, हा प्रश्न साहजिक आहे.

मुंबईंत छायाचित्रकलेची संस्था १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढींतील नामांकित छायाचित्रकार होते. पुढें राजा दीनदयाळ यांनींहि १८९६ सालीं मुंबईंत आपला स्टुडिओ थाटला. त्या काळच्या स्टुडिओंचा मुख्य दिवा म्हणजे सूर्य. छतास किंवा उत्तरेच्या अंगास मोठमोठीं कांचेचीं तावदानें बसवीत, आणि त्यांखालीं पांढऱ्या कापडाचे पडदे सरकवून उजेड हवा तसा गाळून घेत. चेहऱ्यापुढें आठ-दहा फुटांची प्रकाशाची खिडकी, असा तो थाट होता. माणसाला कांहीं सेकंद हलतां येत नसे, परंतु प्रकाश मऊ मिळे.

उजेड हातांत धरून नेण्याची सोय पुढें झाली. १८८७ सालीं जर्मनींत मीठे व गेडिके या दोघांनीं मॅग्नेशियमच्या भुकटीचें मिश्रण तयार केलें. तें पेटवितांच डोळे दिपविणारा लोळ उठे आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट. न्यूयॉर्कमधील पत्रकार जेकब रीस यानें याच भुकटीच्या साह्यानें तेथील गरीब वस्त्यांच्या अंधाऱ्या खोल्या छायाचित्रांत पकडल्या आणि १८९० च्या आपल्या पुस्तकानें धनिकांची झोंप उडविली. नंतर १९२९ च्या सुमारास कांचेच्या गोळ्यांतील फ्लॅश-बल्ब आला, आणि १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील हॅरल्ड एजर्टन यांच्या प्रयत्नांनीं विजेचा आजचा फ्लॅश आकारास आला. फ्लॅशचे उपकार थोर आहेत. जेथें उजेडच नव्हता तेथें त्यानें उजेड नेला. पण स्टुडिओची भिंतभर खिडकी जाऊन तिच्या जागीं दोन इंचांची झडप आली, आणि त्या बदलांत चेहऱ्यांचें मार्दव हरवलें. आतां जें करावयाचें आहे तें एवढेंच, कीं त्या झडपेची पुन्हां खिडकी करावयाची.

घरांतील साधनें

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगलें साधन म्हणजे घराचें पांढरें छत. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविण्याचे बहुतेक सुटे फ्लॅश मान वळवूं शकतात. ती मान माणसांकडे न ठेवतां वर छताकडे करावी. मग छतावर चार-पांच फुटांचा उजळ चौक तयार होतो, आणि तोच खरा दिवा बनतो. शिवाय पंक्तिप्रपंचाचा दोषहि यानें बराचसा जातो. उपनगरांतील साधारण नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या खोलींत प्रकाशास वर जाऊन खालीं येण्यास पुढच्या रांगेपर्यंत सुमारें बारा फूट आणि मागच्या रांगेपर्यंत सुमारें पंधरा फूट पडतात. या ढोबळ हिशेबानें मागच्यांच्या वांट्यास पुढच्यांच्या जवळजवळ दोन तृतीयांश प्रकाश येतो. थेट झोतांत त्यांना चतुर्थांश मिळत होता, हें आठवावें. याची किंमत एवढीच, कीं वाटेंत पुष्कळ प्रकाश खर्च होतो. म्हणून कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, जिला आयएसओ म्हणतात, ती ४०० वरून ८०० किंवा १६०० वर न्यावी लागते. हल्लींच्या कॅमेऱ्यांना तें जड जात नाहीं.

छताच्या उजेडास एक खोड आहे. तो डोक्यावरून येत असल्यामुळें खोल गेलेल्या डोळ्यांत सांवली सांचते, आणि ही अडचण वृद्धांच्या बाबतींत अधिक भासते. त्यावर उपाय म्हणजे पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा रबराच्या वाटोळ्यानें फ्लॅशच्या पाठीशीं उभा बांधणें. छताकडे निघालेल्या प्रकाशांतील थोडा अंश त्यावर आपटून पुढें येतो, डोळ्यांतील सांवली पुसतो आणि बुबुळांत एक लहानशी चमक आणतो. त्या चमकेनें चेहरा जिवंत दिसतो. लग्नपत्रिकेचें कोरें पांढरें पाकीटहि या कामास चालतें.

माणसें एक-दोनच असतील तर छताऐवजीं बाजूची भिंत घ्यावी. तिजवरून येणारा उजेड खिडकींतून आल्यासारखा वाटतो आणि नाकडोळे रेखीव दिसतात. मात्र भिंत पांढरी असावी. आपल्याकडे दिवाणखान्याची एक भिंत पिस्ता किंवा गुलाबी रंगानें रंगविण्याची हौस असते. तिजवरून परतलेला प्रकाश तो रंग घेऊनच येतो, आणि नवरी मुलगी काविळीनें उठल्यासारखी दिसूं लागते.

मंगल कार्यालयांतून छत उंच, बहुधा रंगीत आणि झुंबरांनीं भरलेलें असतें. गच्चीवर तर छतच नसतें. तेथें छत्री कामास येते. धंदेवाईक छायाचित्रकार वापरतात ती पांढरी, साडेतीन फूट व्यासाची छत्री दांड्यावर बसवून तिच्यांतून फ्लॅशचा प्रकाश गाळला, कीं कार्यालयांतहि खिडकी उभी राहते. भर एप्रिलांत अशी छत्री घेऊन लोकलमधून जाणाऱ्या तरुणाकडे लोक कुतूहलानें पाहतात, पण तिचा पावसाशीं संबंध नसतो. सॉफ्टबॉक्स म्हणून जी कापडी पेटी मिळते, तीहि याच जातीची. तिच्यांतून प्रकाश इकडेतिकडे कमी सांडतो, इतकाच फरक. दोहोंसहि एक पथ्य आहे: तीं माणसांच्या जवळ हवींत. चार फुटांवरची छत्री मोठी. वीस फुटांवरची तीच छत्री पुन्हां लहान दिवा होऊन बसते. दांड्याच्या पायाशीं तांदळाची पिशवी ठेवावी, म्हणजे धांवणाऱ्या मुलांच्या धक्क्यानें तो कोसळत नाहीं.

छत्री नसेल तर धुतलेली पांढरी चादर पुरे. दोन मुलांनीं ती एका अंगास ताणून धरावी आणि फ्लॅश माणसांकडे न करतां चादरीकडे करावा. याला कोणी गांवठी युक्ति म्हणेल, तर त्यास सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ या १९५६ सालच्या चित्रपटाची हकीकत सांगावी. त्यांतील काशीच्या घराचें अंगण वस्तुतः कलकत्त्याच्या स्टुडिओंत उभारलें होतें. दिव्यांचा थेट झोत पडला असता तर ती बनावट तत्क्षणीं उघडी पडली असती. छायालेखक सुब्रत मित्र यांनीं वरच्या बाजूस पांढरें कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परतविला, आणि बंदिस्त स्टुडिओंत उघड्या आकाशाचा उजेड उतरला. आपल्या उपनगरांत तर चित्रपटाची परंपराच आहे. मालाडला १९३४ सालीं बॉम्बे टॉकीज निघाली, गोरेगांवास १९४३ सालीं फिल्मिस्तान उभी राहिली. आणि दिवा व नट यांच्यामध्यें बटर पेपर ताणणें, पांढऱ्या पाट्यांवरून उजेड परतविणें, हें येथील स्टुडिओंतील कामगारांच्या हातचें काम होऊन बसलें.

यांतील कांहींच हाताशीं नसेल, आणि फ्लॅश थेटच उडवावा लागत असेल, तर बिनखर्चाचा उपाय म्हणजे चार पावलें मागें सरणें. पुढची रांग सहाऐवजीं बारा फुटांवर आणि मागची अठरा फुटांवर झाली, कीं मागच्यांचा वांटा चतुर्थांशावरून सुमारें चार नवमांशांवर येतो. चेहरे लहान वाटल्यास भिंगानें जवळ ओढावे. आणि रांगा एकामागें एक लांबविण्याऐवजीं सर्वांना अर्धवर्तुळांत जवळजवळ आणावें. दारांत उभ्या असलेल्या मंडळींना नांव घेऊन पुढें बोलवावें. त्या आपण होऊन येणार नाहींत.

डोळ्यांविषयीं थोडें

गेल्या वर्षीं घाटकोपरास एका स्नेह्यांकडे मुंजीस गेलों असतां, त्यांचा पुतण्या घरांतील सर्वांत वडील काकूंचा फोटो घेत होता. प्रत्येक वेळीं काकूंचे डोळे मिटलेले येत. “काकू, डोळे मिटूं नका हो, जरा इकडे बघा,” असें त्यानें चौथ्यांदां विनविलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, बघूं कशी? तुझी ती वीज चमकली कीं घटकाभर नुसता ठिपका नाचतो बघ माझ्या डोळ्यांपुढें.” त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती. मुलगा समंजस होता. त्यानें फ्लॅशची मान मागल्या भिंतीकडे वळविली आणि काकूंना नातवाशीं बोलूं दिलें. पुढच्या चित्रांत काकूंचे डोळे उघडे आले, आणि त्या हंसतहि होत्या. मऊ प्रकाशाचा हा लाभ पुस्तकांतून फारसा सांगितलेला नसतो: ज्याच्यावर तो पडतो त्यालाहि तो सोसवतो, आणि माणूस सावरून बसण्याऐवजीं सहज बसतें.

चष्म्याच्या कांचेंत फ्लॅशचा पांढरा गोळा दिसतो तोहि थेट झोताचाच परिणाम. दिवा वर किंवा बाजूस नेला, आणि चष्मा कानांवर किंचित् उचलून कांचा थोड्या खालीं झुकविल्या, तर तो बहुधा नाहींसा होतो. डोळे लाल येतात, याचें कारण फ्लॅश भिंगाच्या अगदीं शेजारीं असणें. प्रकाश बुबुळांतून सरळ आंत जाऊन मागच्या रक्तवर्णी पडद्यावरून तसाच सरळ परत येतो. दिवा भिंगापासून दूर सरकला कीं ही लाली जाते.

परंतु येथें आईबापांसाठीं एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. लहान मुलाच्या थेट फ्लॅशच्या चित्रांत एक डोळा लाल आणि दुसरा पांढुरका किंवा पिवळसर चमकत असेल, आणि तें पुन्हां पुन्हां दिसत असेल, तर तो फोटोचा दोष समजून सोडून देऊं नये. कधीं कधीं तो केवळ नजरेच्या कोनामुळें येतो. पण जन्मतः असलेला मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलावरील गांठ यांचें तें पहिलें लक्षणहि असूं शकतें. त्या गांठीवर वेळेवर उपचार झाल्यास मुलाचा जीव आणि पुष्कळदां दृष्टीहि वांचते. म्हणून असें चित्र दिसतांच विलंब न लावतां डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावें, आणि तें चित्रहि सोबत न्यावें.

असलेल्या उजेडाचा मान

प्रकाश मऊ केला म्हणजे सारें झालें असें नाहीं. तो त्या जागेच्या उजेडाशीं जुळला पाहिजे. याचा उत्कृष्ट धडा आपल्याच उपनगरांतील एका छायाचित्रकारानें घालून दिला आहे. गोरेगांवच्या आरे वसाहतींतील वारली पाड्यांतून रात्रीं बिबळे फिरतात. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान लागूनच आहे. नयन खानोलकर यांना असा एक बिबळ्या, त्याला न बिचकवितां, वस्तींतल्या वाटेवरच टिपावयाचा होता. त्यांनीं पाड्यांतील लोकांना आपला बेत समजावून सांगितला. त्या लोकांनीं बिबळ्याच्या येण्याजाण्याची माहिती दिली आणि त्यांच्या यंत्रांवर नजरहि ठेवली. विशेष हें, कीं खानोलकरांनीं आपले फ्लॅश असे मांडले, कीं त्यांचा उजेड त्या बोळांत एरव्हीं असणाऱ्या दिव्यांसारखाच वाटावा. चार महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर हवें तें चित्र मिळालें: घरांच्या भिंतीलगत आपल्या वाटेनें चाललेला बिबळ्या, आणि कॅमेऱ्याच्या आवाजाकडे त्यानें टाकलेला एक क्षणभराचा दृष्टिक्षेप. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव-छायाचित्र स्पर्धेंत २०१६ सालीं शहरी विभागांत या चित्रास पारितोषिक मिळालें. फ्लॅशचा खरा गुण तो दिसूं नये हाच, हें त्या चित्रावरून पटतें.

घरांत हा प्रसंग औक्षणाच्या वेळीं येतो. निरांजनाच्या पिवळ्या उजेडांत बहिणीचा चेहरा उजळलेला असतो. अशा वेळीं पांढराशुभ्र फ्लॅश थेट उडविला कीं ज्योत फिकी पडते आणि ओंवाळण्यांतील सारा ओलावा जातो. येथें फ्लॅशच्या तोंडावर फिक्या नारिंगी रंगाचा पारदर्शक कागद लावावा, मान छताकडे करावी, जोर अगदीं कमी ठेवावा, आणि कॅमेऱ्याचा पडदा नेहमीपेक्षां जास्त वेळ, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या-तिसाव्या भागाइतका उघडा राहूं द्यावा. हात स्थिर हवा. मग निरांजनाचा उजेड आपलें काम करतो आणि फ्लॅश त्याला नुसता हात देतो.

ज्यांच्यापाशीं केवळ मोबाईल आहे त्यांनीं निराश होऊं नये. त्यांतील दिव्याची मजल चार-सहा फुटांपलीकडे फारशी जात नाहीं; म्हणून समारंभांत तो बंदच ठेवावा आणि माणसांना खिडकीजवळ किंवा ट्यूबलाइटकडे तोंड करून बसवावें. बारशाच्या बाळाचें जवळून चित्र घ्यावयाचें असेल, तर दुसऱ्या मोबाईलचा दिवा लावून तो बाळाकडे न धरतां जवळच धरलेल्या कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या ताव्याकडे धरावा. कागदावरून परतलेला उजेड बाळाच्या गालास पुरतो, आणि बाळ रडत नाहीं.

समारंभापूर्वींचा प्रयोग

आमची सूचना अशी, कीं घरांतील मुलांनीं हा सर्व प्रकार पाहुण्यांवर करून पाहण्यापूर्वीं एका रविवारीं नारळांवर करून पाहावा. शेंडी काढलेले तीन नारळ तीन खुर्च्यांवर, कॅमेऱ्यापासून सहा, नऊ आणि बारा फुटांवर, थोडे आडवे सरकवून ठेवावे. दिवे मालवून पहिलें चित्र थेट फ्लॅशचें, दुसरें तोंडावर रुमाल बांधून, तिसरें छताकडे मान करून आणि चौथें छत व पुठ्ठा मिळून, अशीं चार चित्रें घ्यावीं आणि शेजारीं शेजारीं लावून पाहावीं. रुमालानें कांहीं साधत नाहीं हें मुलांना सांगावें लागणार नाहीं. आणि बारा फुटांवरच्या नारळाचे तीन डोळे कोणत्या चित्रांत मोजतां येतात, तें लहान मुलेंहि दाखवितील. ज्या रीतीनें तिसरा नारळ स्पष्ट आला, ती रीत कागदावर आयएसओच्या आंकड्यासह लिहून कॅमेऱ्याच्या पिशवींत ठेवावी.

मग मुंजीच्या दिवशीं चित्र घेतल्याबरोबर पुढच्या रांगेकडे न पाहतां आधीं मागची रांग मोठी करून पाहावी. तेथील प्रत्येक चेहरा ओळखूं आला तरच मंडळींना उठूं द्यावें. आणि एक चित्र कॅमेरा दुसऱ्याच्या हातीं देऊन घ्यावें, म्हणजे दिवसभर इतरांचे फोटो घेणारा पुतण्या किंवा भाचीहि त्या पंगतींत बसेल.